सांडगी मिरचीचे दिवस

सकाळपासून बोटं भगभगत आहेत. तेल चोळलं, दह्यात बुडवली, काही उपयोग नाही. शेकडाभर मिरच्या चिरून त्यांत मसाला भरला की हे होणारच. दरवर्षी ठरवते, यंदा शेवटच्या. आणि दरवर्षी चैत्र उतरणीला लागला की बाजारात त्या बुटक्या, जाड, पोपटी मिरच्या दिसतात आणि मी पिशवी भरून घरी येते.

आम्ही भांडुपला राहतो. पूर्वी इथे आडवी चाळ होती, आता उभी चाळ आहे, लिफ्टवाली. आमचं घर नवव्या मजल्यावर. गच्चीची चावी सेक्रेटरीकडे असते आणि सेक्रेटरी कुठे असतो ते कोणाला माहीत नसतं. म्हणून मी खिडकीच्या जाळीतच सुपं मांडते. दिवसभर मिरच्या उन्हात, संध्याकाळी परत आंबट ताकात. दुसऱ्या दिवशी परत उन्हात. आठ-दहा दिवस असं केलं की मिरची पांढुरकी होते, वजन टाकते, हातात हलवली की आतल्या बिया वाजतात. मग ती वर्षभर बिघडत नाही.

हेच दिवस परीक्षेचे. इमारतीत टीव्हीचा आवाज उतरतो. नवरा-बायकोची भांडणंसुद्धा हलक्या आवाजात होतात, कारण शेजारच्या घरात कोणीतरी कॉलेजच्या नाहीतर सीईटीच्या परीक्षेला बसलेलं असतं. जिन्यात पोरं पुस्तक घेऊन येरझाऱ्या घालतात. ताकाचा आंबट वास, हिंगाचा वास आणि पाठांतराची कुजबुज हे माझ्या डोक्यात एकत्र बसलंय. आता त्यात आणखी एक गोष्ट बसली आहे, ती गेल्या वर्षीपासून.

मयुरी माझी नात. मुलुंडला कॉलेजात जाते, यंदा शेवटचं वर्ष. मुलगा आणि सून सकाळी कामावर जातात ते दिवे लागल्यावर येतात. दिवसभर घरात आम्ही दोघी. गेल्या वर्षी मात्र आम्ही तिघं होतो.

तिसरा म्हणजे सुजय. खालच्या गल्लीतल्या वंदनाचा मुलगा. बारावीपर्यंत मयुरीच्याच वर्गात होता. नंतर तो शेतीचं शिकायला दापोलीला गेला. आम्ही सगळे पोटासाठी कोकणातून मुंबईला आलो आणि हा पोरगा शिकायला मुंबईतून कोकणात गेला. त्याच्या आजोबांनी ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. तो गेला आणि या दोघांचं जे काय होतं ते फोनमध्ये शिरलं. मुलाला-सुनेला याचा पत्ता नव्हता. मला होता, कारण तो फोन माझ्या ओट्यावर असायचा.

पोह्यांच्या डब्याला टेकवून मयुरी फोन उभा करायची. सकाळी सूनबाई बाहेर पडली की फोन लागायचा तो संध्याकाळपर्यंत. मला आधी वाटलं, बोलत असतील. पण बोलणं नाहीच. ही इथे वहीत डोकं घालून, तो तिथे वहीत डोकं घालून. आवाज बंद नाही, कॅमेरा बंद नाही. मी भाजी चिरतेय, तो समोर बसलाय. मी पदर खोचून फरशी पुसतेय, तो समोर बसलाय.

मी एकदा म्हटलं, "मेल्या, जेवलास काय?"

तो दचकला. "हो आजी. वरण-भात."

"आणि तोंडी लावायला?"

"काही नव्हतं."

"मग सरळ बस. पाठीत पोक येईल."

मयुरी चिडली. "आजी, तो अभ्यास करतोय ना!"

"करू दे की. मी काय त्याची वही ओढली?"

मला हे कळेना. मी तिला विचारलं, बोलायचं नाही तर फोन चालू कशाला? तिने मला लहान मुलाला समजावतात तसं सांगितलं, "आजी, असं केलं की तो इथेच आहे असं वाटतं." आणि कट कोण करतं, विचारलं तर म्हणाली, "कोणीच नाही. बॅटरी संपते." म्हणजे जो आधी कट करील त्याचं प्रेम कमी, असा हिशेब होता. तोंडाने कोणी बोलायचं नाही, पण होता.

दापोलीतला कावळा माझ्या स्वयंपाकघरात ओरडायचा. पहिल्यांदा ओरडला तेव्हा मी मिरच्यांचं सूप वाचवायला लाटणं घेऊन खिडकीकडे धावले. मयुरी आणि तो पोरगा दोघं हसून लोळले. असं मनापासून हसताना त्यांना क्वचितच बघितलं. बाकी दिवस चेहरे ओढलेले. तिला आधीच्या परीक्षेत एका विषयात केटी लागली होती. या खेपेला ती सुटली नाही तर वर्ष अडकणार, आणि वर्ष अडकलं तर बाप विचारणार, लक्ष कुठे होतं? मग सगळंच बाहेर येणार. पोरीला ते ठाऊक होतं. म्हणून ती रोज पुस्तक उघडायची, आणि दर पाच मिनिटांनी फोनकडे बघायची. तो उठून पाणी प्यायला गेला तरी हिची मान वर.

मला माझे दिवस आठवायचे. आठवायचे म्हणजे कोणी उकरून काढल्यासारखे. लग्न झालं तेव्हा आमचे हे मुंबईला मिलमध्ये होते आणि मी गावाला, सासू-सासऱ्यांजवळ. आठ वर्षं. हे गणपतीला यायचे, जमलं तर शिमग्याला. बाकी वर्षभर पोस्टकार्ड. विरह हा शब्द मला फार पुढे छापलेला दिसला. आमच्या घरात तो नव्हता. आमच्या घरात भाताची लावणी होती, गुरं होती, आणि महिन्यातून एकदा पोस्टमन.

त्या घरात वाचता येणारी मी एकटी, चौथी पास. आणि पत्र यायचं सासऱ्यांच्या नावाने. "तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार." ते मीच सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. त्यात माझं नाव नसायचं. नवऱ्याने बायकोचं नाव उघड्या कार्डावर लिहिणं म्हणजे निर्लज्जपणा. फार तर शेवटी, "घरातील सर्वांस कळवणे." त्या सर्वांत मी.

उत्तर लिहायचं तेही मीच. सासरे बाजेवर बसून सांगायचे आणि मी लिहायची, "चिरंजीव वसंतास अनेक आशीर्वाद." स्वतःच्या नवऱ्याला मी आठ वर्षं आशीर्वाद दिले. गेल्या वर्षी मिरच्या भरता भरता हे मयुरीला सांगितलं तर ती ओट्यावर डोकं ठेवून हसली. "आजी, तू आजोबांना चिरंजीव म्हणायचीस?"

"मग काय प्राणनाथ लिहू? सासरे ऐकत होते."

फोनमधून सुजयही हसला. तो ऐकतोय हे मी विसरलेच होते.

तिला मी तेव्हा आणखी एक सांगितलं. सासऱ्यांचं सांगून संपलं की कार्डाच्या तळाला बोटभर जागा उरायची. तिथे मी माझी एक ओळ घालायची. मिरच्यांच्या दिवसांत लिहायची, "मिरच्या केल्या आहेत." सासऱ्यांना वाचता येत नव्हतं, आणि कोणी वाचून दाखवलं असतं तरी त्यात काय वाईट? पण यांना कळायचं की ही ओळ बाबांची नाही, कारण सासऱ्यांना मिरचीचा ठसका लागायचा, ते मिरच्या घरात नकोच म्हणायचे. मिरच्या यांना आवडायच्या. गावाकडचं कोणी मुंबईला निघालं की त्याच्या पिशवीत मी पुरचुंडी द्यायची. बस, आमचं प्रेमपत्र म्हणाल तर एवढंच.

कोणी म्हणेल, किती गोड. काही गोड नव्हतं. आमचं टिकलं कारण न टिकायची सोयच नव्हती. पण एक सांगते, आणि हे मी यांच्या हयातीत बोलले नाही. दोन पोस्टकार्डांच्या मधला महिना माझा असायचा. त्यात मी पोहायला शिकले, भात झोडायला शिकले, नणंदेशी भांडायला शिकले. यांनी मला भांडुपला आणलं तेव्हा पहिला महिना मला सुचेना की या माणसाचं रोज करायचं काय. रोज समोर. रोज घोरतोय. सवय व्हायला वेळ लागला.

म्हणून तो चालू फोन बघितला की मला गुदमरायला व्हायचं. या पोरांचा महिना कुठे होता? तासभरसुद्धा नव्हता.

एका दुपारी ऊन असं होतं की सुपाला हात लावला तर चटका बसेल. मी मिरच्या उलटवून आत आले. मयुरी वहीवर गाल टेकून झोपली होती, पेन हातात तसंच. फोनमध्ये बघितलं, सुजयपण झोपलेला. तोंड उघडं, मागे भिंतीवर पाल. दोघंही झोपलेले आणि फोन जागा. दोन घरांचे पंखे एकमेकांना ऐकू येत होते.

मी फोनला बोट लावलं, तापलेला होता. लाल बटण कशाचं ते मला माहीत होतं. दाबलं.

मी चुकून दाबलं असं सांगू शकले असते. चुकून नाही, समजून दाबलं. पडदा काळा झाला आणि घर इतकं गप्प झालं की खालच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याची हाक ऐकू आली. पोरगी अडीच तास झोपली. वहीवर वाटीभर लाळ सांडलेली. अशी झोप मी तिची महिनोन्‌महिने बघितली नव्हती.

उठली. फोन बघितला. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. "त्याने कट केला."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी मिरच्या ताकात सोडत होते, तशीच सोडत राहिले. मी कोणाला न घाबरणारी बाई, वीस वर्षांच्या पोरीच्या त्या चेहऱ्याला घाबरले. म्हटलं, थोड्या वेळाने सांगू. थोड्या वेळाने मुलगा-सून आले.

तिने फोन केला नाही. का करायचा, त्याने कट केला ना? आणि तिकडून त्याचाही आला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो तिथे उठून हेच म्हणत असणार: तिने कट केला.

एक दिवस गेला. न्हाणीघरात नळ उगाच चालू. दुसरा दिवस गेला. त्या दिवशी तिने सलग अभ्यास केला, सकाळपासून मान वर नाही. दुपारी एक भाकरी जास्त मागून घेतली. मी खूश व्हायला लागले होते, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली, सुपातली एक मिरची उचलून हातात फिरवत म्हणाली, "संपलं ना गं आजी आमचं?"

"कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला कशाला हवं? आणि खरं सांगू? मला हलकं वाटतंय. दोन दिवस मी शांत झोपतेय. त्याचंच रडू येतंय. म्हणजे माझं प्रेमच नव्हतं का?"

मी लाल बटण दाबलं होतं ते पोरीने झोपावं म्हणून. तिने त्यातून हा अर्थ काढला. झोप लागली म्हणजे प्रेम नाही.

"मयुरी, फोन मी बंद केला."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. "तू?"

"तुम्ही दोघं झोपला होता. मी दाबलं ते लाल."

"आजी! वाट लावलीस माझी! तीन दिवस बोलली नाहीस?"

"नाही बोलले. चुकलं माझं."

"मग आता काय करू मी?"

"त्याला फोन कर, सांग म्हातारीने केला."

ती उठली, फोन हातात घेतला, आणि परत खाली ठेवला. "त्याने पण तीन दिवस केला नाही ना? त्यालापण बरंच वाटत असेल माझ्याशिवाय." मग आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. तीन दिवसांनी पेपर, तोही केटीवाला.

ती माझ्याशी बोलायची नाही हे चालेल. मी बऱ्याच लोकांशी अबोला धरून इथवर आले आहे. पण आता तिचं वहीवरसुद्धा लक्ष नव्हतं. नुसती भिंतीकडे बघत बसली होती. आधी फोन होता तेव्हा निदान दर पाच मिनिटांच्या मध्ये चार मिनिटं वाचायची. आता तेही नाही. पोरीचं वर्ष आणि पोरगा, दोन्ही माझ्या एका बोटाने घालवलं होतं.

वंदना दर शुक्रवारी मुलाला डबा पाठवते. दापोलीची गाडी संध्याकाळी हमरस्त्यावर उभी राहते, ड्रायव्हरच्या हातात पिशवी द्यायची, सकाळी सुजय तिथल्या नाक्यावर जाऊन घेतो. आमच्याकडे हे असंच चालतं. गाडीत माणूस असो नसो, पिशवी जातेच. त्या दिवशी शुक्रवार होता.

मी वंदनाकडे गेले. "वंदना, तुझ्या झिलाक माझ्या मिरच्यो पाठव."

"अगो काकी, अजून वाळल्यात खंय?"

"वाळतील तिथे. वरण-भाताबरोबर नुसतं खातो तो."

"तुका गो कसा ठाऊक?"

मी म्हटलं, "आजीला सगळं ठाऊक असतं," आणि डबा पुढे केला. मिरच्यांखाली प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून चिठ्ठी होती. वंदनाने बघितली असेल की नसेल, तिने मला आजवर विचारलेलं नाही. शहाणी बाई आहे.

ती चिठ्ठी लिहायला मला दुपार गेली. पन्नास वर्षांनी पेन धरलं होतं. हात कापत नव्हता, अक्षर मात्र वेडंवाकडं. लिहिलं ते असं: चिरंजीव सुजयास अनेक आशीर्वाद. फोन मयुरीने बंद केला नाही, मी केला. तू झोपला होतास, ती झोपली होती. तिला वाटतं तू केला. तुला वाटत असेल तिने केला. तीन दिवस तिला झोप लागली म्हणून ती रडते आहे. तुलाही लागली असेल तर लाजू नकोस, कळव. सोमवारी तिचा पेपर आहे. मिरच्या अजून चार दिवस उन्हात ठेव.

शनिवारी सकाळी मी जाळीत सुपं मांडत होते तेव्हा फोन वाजला. मयुरीने नाव बघितलं आणि उचलायला इतका वेळ लावला की मला वाटलं, आता बंद पडणार. उचलला. ती म्हणाली, "झोपलेलास?"

त्याचं मला इतकंच ऐकू आलं, "तीन दिवस! मेल्यासारखा! आणि उठलो की वाटायचं, मी कसला हलकट आहे."

मयुरी हसायला लागली. हसता हसता रडली, परत हसली. "मी पण. मी पण यार. मला वाटलं, मी एकटीच." मग पुढे बरंच काही, मिरच्या, आजी, "तुझी आजी डेंजर आहे" वगैरे. मी सुपाकडे तोंड करून उभी होते. डोळे चुरचुरत होते, ते मिरच्यांनी.

चार मिनिटं बोलली असेल. मग म्हणाली, "चल, ठेवते. अभ्यास आहे." आणि स्वतः कट केला. कट करून फोनकडे बघत राहिली, काही होतंय का म्हणून. काही झालं नाही. पंखा फिरत होता, ताकाचा वास येत होता. तिने इतका लांब श्वास सोडला की मला ओट्याजवळ ऐकू आला. माझाही सुटला. तीन दिवस मी छातीत दगड घेऊन मिरच्या उलटवत होते.

केटी सुटली. पोरगाही राहिला. आता ते रविवारी बोलतात, पोटभर, आणि मध्ये वाटलं तर. मध्ये नाही वाटलं तर नाही. दोघांनी एकमेकांना काय वचनं दिली मला माहीत नाही, आणि ती पाळतील का तेही नाही. वीस-एकवीस वर्षांची पोरं. उद्या तुटलं तर तुटलं. पण तुटलं तर ते त्यांच्यामुळे तुटेल, माझ्या बोटामुळे नाही, आणि बॅटरीमुळेही नाही. मला तेवढं पुरे.

पोह्यांचा डबा आता मोकळा असतो. त्याच्यामागची भिंत मला परत दिसायला लागली, तर तिथे तेलाचे केवढे डाग! वर्षभर त्या पोराने काय बघितलं असेल.

आज शुक्रवार. सोमवारपासून मयुरीचे शेवटच्या वर्षाचे पेपर. मघाशी ती ओट्याशी आली, मला म्हणाली, "आजी, वंदनाकाकूकडे डबा जाणार ना? मी भरते, तुझी बोटं जळतायत." गेल्या खेपेच्या वाळलेल्या मिरच्या तिने डब्यात भरल्या. पाठ माझ्याकडे होती, पण खालून कागद सरकवताना हात दिसला. मग अंघोळीला गेली.

चिठ्ठी मी वाचली. नाही वाचली असं सांगायला मी काही संत नाही. आणि एके काळी घरातली सगळी पत्रं वाचायचं काम माझंच होतं.

तीन ओळी होत्या. चिरंजीव सुजयास अनेक आशीर्वाद. पेपर संपेपर्यंत फोन नाही, तूही नीट झोप. आणि खाली, कागदाच्या अगदी तळाला, बोटभर जागेत: मिरच्या केल्या आहेत.

केल्या कोणी, तर मी. बोटं भगभगतायत माझी. पण घडी तशीच घातली, कागद परत मिरच्यांखाली सारला आणि झाकण घट्ट लावलं.